गिरणीतली पोरं, चाळी आणि मँचेस्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुंबईच्या गिरण्यांतली बालमजुरी आणि चाळी यांवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन: पोरांच्या कामावर मर्यादा घालणारा कारखाना कायदा हा मँचेस्टरवाल्यांचा, म्हणजे इंग्लंडमधल्या कापड गिरणीमालकांचा, डाव होता, पोरं शेतातही राबतच होती, आणि मुंबईच्या मालकांनी निदान चाळी तरी बांधून दिल्या.

मँचेस्टरचा स्वार्थ मला मान्यच आहे. इथल्या सुताची स्पर्धा त्यांना खुपत होती, म्हणून आपल्याकडच्या कित्येक राष्ट्रवादी पत्रांनीही कायद्याला विरोध केला. पण १८७८ साली अशा कायद्याचा मसुदा करणारे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली मुंबईचेच. आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे तर स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी पुढे नेलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार वेळेवर, जखमी झाल्यास भरपाई. या मागण्या गिरणगावातून आल्या होत्या. त्यांचं श्रेय मँचेस्टरला देणं हा त्या साडेपाच हजारांवर अन्याय आहे.

कायदा तरी कसा होता पाहा. १८८१ साली किमान वय ठरलं ७ वर्षं. सात ते बारा वयाच्या पोरांना रोज जास्तीत जास्त ९ तास काम, आणि हे बंधनही १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच. १८९१ मध्ये वय ९ झालं, तास ७. बारा वर्षांपर्यंत पोचायला १९२२ उजाडलं! एवढ्याशा कायद्याने कुठली गिरणी बुडणार होती?

शेतात दमलेलं पोर बांधावर टेकतं. गिरणीच्या सूतकताई खात्यात मात्र भरलेल्या बॉबिनी (सूत गुंडाळायच्या नळ्या) काढून रिकाम्या लावायच्या त्या यंत्राच्या वेगाने, नाकातोंडात कापसाचे तंतू जात असताना.

राहिल्या चाळी. बहुतेक चाळी खासगी घरमालकांच्या, भाडं वसूल करणाऱ्या. मालकांनी बांधलेल्या थोड्याच. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या २०७ बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी तर सरकारने १९२० नंतर बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि तिचंही भाडं न परवडल्याने सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. खोलीचं भाडं, वाण्याची उधारी आणि गावची मनीऑर्डर यांतच बापाचा पगार संपत असेल, तर पोराला गिरणीत का धाडलं जाई हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच लेखात बालमजुरी आणि चाळ मी एकत्र मांडली, आणि ती मांडणी मी बदलणार नाही.