धाक बसवला की पहिली बंद होते ती वाईट बातमी

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर "एकदम पटलं" असं लिहून. धंदा वाढवायचा असेल तर टीम कशी चालवायची, यावर तो मेसेज आहे. त्यातलं थोडक्यात सांगतो. लोक मुळात कामचुकार असतात, डोक्यावर उभं राहिल्याशिवाय हलत नाहीत. बॉसचा धाक हवाच, धाक गेला की काम गेलं. दरवर्षी तळातले दहा टक्के काढा, बाकीचे आपोआप पळायला लागतात. जो रिझल्ट देतो त्याला सगळं माफ. ग्रोथच्या काळात घड्याळ बघायचं नसतं. जाणारा जाऊ दे, एकाच्या जागी दहा उभे आहेत. आणि शेवटी, कल्चर-बिल्चर हे मोठ्या कंपन्यांचे चोचले, आधी पैसा येऊ द्या.

मी बारा वर्षं टीम सांभाळतोय आणि त्यातली पहिली तीन-चार वर्षं मी अगदी या मेसेजबरहुकूम वागत होतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो, क्रम थोडा मागेपुढे होईल.

आधी धाकाचं, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

धाक बसवता येतो यात वाद नाही. धाकाने माणूस वेळेवर येतो, मान खाली घालून बसतो, विचारलं की "हो सर, होतंय सर" म्हणतो, हेही खरं. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट होत असते जी बॉसला दिसतच नाही, ती म्हणजे वाईट बातमी त्याच्यापर्यंत पोचायची बंद होते. माझ्याच टीममधलं सांगतो. आम्ही चौदा जण, दर शुक्रवारी रिव्ह्यू. एका शुक्रवारी एका मुलाने स्वतःहून सांगितलं की त्याच्याकडून एक फाइल चुकीची गेलीये, आणि मी त्याला सगळ्यांसमोर वीस मिनिटं झापलं. मला वाटलं बरं झालं, सगळ्यांनाच धडा मिळाला. त्यानंतर जवळजवळ महिन्याने कळलं की बिलिंगच्या शीटमधला एक फॉर्म्युला एक ओळ खाली सरकलाय आणि एका क्लायंटच्या प्रत्येक बिलात भलत्याच ओळीतला आकडा जातोय. नवीन आलेल्या एका मुलीला हे तीन आठवडे आधीच दिसलं होतं, तिने वहीत तारीख टाकून लिहूनसुद्धा ठेवलेलं. मी विचारलं, अगं मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "सर, चूक माझी नव्हती, पण सांगितलं असतं तर त्या शुक्रवारी उभी मी राहिले असते." तोवर क्लायंटने ती बिलं स्वतःच पकडली होती, आणि त्यांचं पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत, हार्वर्डमध्ये शिकवतात. १९९० च्या दशकात त्या हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. अंदाज साधा होता, चांगल्या टीमकडून चुका कमी होणार. आकडे आले ते बरोब्बर उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, चुका झाल्या की त्या सांगत होत्या, आणि जिथे हेड नर्सची भीती होती तिथे त्या झाकल्या जात होत्या. म्हणजे धाकवाल्या बॉसच्या रिपोर्टवर सगळं हिरवंगार दिसतं आणि तो त्याच भरवशावर पुढचे निर्णय घेत बसतो.

विमानांच्या धंद्याला हे फार मोठी किंमत मोजून समजलं. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरणार होतं, चाकांमध्ये काहीतरी गडबड वाटली म्हणून कॅप्टनने ते जवळपास तासभर हवेत घिरट्या घालत ठेवलं आणि तो चाकांच्याच मागे लागला. इंधन संपत चाललंय हे बाजूच्या दोघांना दिसत होतं, त्यांनी आकडे सांगितले, आडून सुचवलं, पण "आत्ता उतरायलाच हवं" असं ठणकावून कोणी बोललं नाही. इंधन संपलं, विमान शहराच्या वस्तीत कोसळलं, दहा माणसं गेली. कॅप्टन अनुभवी होता, विमानही उडण्यालायक होतं. त्यानंतर १९८१ मध्ये त्याच कंपनीने कॉकपिटमध्ये ज्युनियरने स्पष्ट कसं बोलायचं आणि कॅप्टनने ते कसं ऐकायचं याचं वेगळं ट्रेनिंग सुरू केलं, आता ते जगभर सक्तीचं झालंय. आपल्या कामात कोणी मरत नाही हे मान्य, पण बाजूच्याला दिसतंय आणि तो बोलत नाहीये, हे प्रत्येक ऑफिसात रोज चालू असतं.

आता याच्या पुढचं, "टार्गेटचा धाक असला की सेल्स वाढतो." वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण बघा. एका ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचं टार्गेट, ते पूर्ण झालं नाही की रोज वरून फोन, रोज बोलणी. मग लोकांनी टार्गेट पूर्ण केलं, ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडून! २०१६ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, त्याआधीच्या पाचेक वर्षांत अशा प्रकारांवरून सुमारे ५,३०० लोकांना काढलेलं होतं, आणि अशा संशयास्पद खात्यांचा आकडा पुढे ३५ लाखांपर्यंत गेला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, या बँकेला ताकीद दिली की तुमची एकूण मालमत्ता आता आहे त्यापेक्षा वाढता कामा नये, आणि ही बंदी उठायला जून २०२५ उजाडलं. ग्रोथसाठी बसवलेल्या धाकाने सात वर्षं ग्रोथच बंद पाडली. आणि इतक्या वर्षांत ५,३०० माणसं काढताना, एवढे सगळे जण एकदम वाईट कसे निघाले, हा प्रश्न वरच्यांनी आधीच विचारायला हवा होता ना.

लोक मुळात कामचुकार असतात, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कुप्रसिद्ध. रोज पाचातला एक माणूस गैरहजर, कामावर दारू, गाड्यांमध्ये मुद्दाम केलेले बिघाड, मॅनेजर आणि युनियनमधून विस्तव जात नव्हता. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटासोबत भागीदारीत तोच कारखाना परत उघडला आणि घेतलेल्या कामगारांतले बहुतेक सगळे तिथलेच जुने, युनियनही तीच. टोयोटाने त्यांच्यातल्या अनेकांना जपानला नेऊन काम दाखवलं, छोट्या टीम केल्या, आणि लाइनवरच्या प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली. काही बिघडलं तर ओढायची, टीम लीडर धावत मदतीला येणार, वेळ पडली तर सगळी लाइन थांबणार. जुन्या व्यवस्थेत लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्या जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांत चांगल्या म्हणून गणल्या जायला लागल्या. माणसं तीच होती हो. लोक काम करत नाहीत अशी तक्रार कोणी केली की मी आधी विचारतो, तुमच्याकडे ती दोरी कोणाच्या हातात आहे?

तळातल्या दहा टक्क्यांची आयडिया जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चमुळे गाजली, ते १९८१ ते २००१ तिथे प्रमुख होते. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. ऐकायला कडक वाटतं पण हिशोब करून बघा. आठ जणांची टीम आहे, आठही जण चांगले आहेत, तरी कोणालातरी तळात टाकावंच लागणार, मग शेजारच्याला मदत करून मी स्वतःचा नंबर कशाला घालवू? मायक्रोसॉफ्टमध्ये अशीच पद्धत होती, आणि चांगले इंजिनियर दुसऱ्या चांगल्या इंजिनियरच्या टीममध्ये जायचं टाळतात असं तिथल्याच लोकांनी तेव्हा उघडपणे सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ती पद्धत बंद केली. पुढच्या फेब्रुवारीत सत्या नडेला तिथे प्रमुख झाले, तेव्हा कंपनीची किंमत सुमारे ३०,००० कोटी डॉलर होती, एप्रिल २०१९ मध्ये ती एक लाख कोटींवर गेली. हे सगळं या एका बदलामुळे झालं असं मी म्हणणार नाही, क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून कंप्युटर आणि साठवणूक भाड्याने देण्याच्या धंद्याचा, वाटा फार मोठा आहे. पण तळातले काढणं बंद केलं म्हणून कंपनी ढिली पडली असं झालं नाही, एवढं तर दिसतंय.

इथे मेसेजमधलं जे बरोबर आहे तेही सांगतो. काम न करणाऱ्याला सांभाळत बसणं हे चांगलं कल्चर नाहीच, त्याचा भार बाजूचा उचलत असतो आणि तो आतून धुमसत असतो. डेडलाइन पाळायला लावणं, "हे नीट झालेलं नाही, परत कर" असं तोंडावर सांगणं, वारंवार सांगूनही फरक पडत नसेल तर माणसाला मोकळं करणं, हे सगळं करावंच लागतं आणि मी करतो. स्टँडर्ड कडक ठेवा, फक्त माणसाला बोलायची भीती वाटू देऊ नका, या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात. मेसेज लिहिणाऱ्याने कडकपणा आणि धाक एकच धरलेत.

"रिझल्ट देणाऱ्याला सगळं माफ" वाल्यांना एवढंच विचारायचंय की त्याने दिलेल्या रिझल्टमधून त्याच्यामुळे सोडून गेलेल्यांचा हिशोब कधी वजा केलात का? आमच्याकडे असा एक सीनियर होता, सगळ्यात जास्त ऑर्डर त्याच्या. ज्युनियरना मेलमध्ये सगळ्यांना सीसी करून बोलायचा, क्लायंटची माहिती कोणाला द्यायचा नाही. दीड वर्षात तीन ज्युनियर गेले, मी डोळेझाक केली, आणि मग तो स्वतः गेला तेव्हा क्लायंटची माहितीही त्याच्यासोबतच गेली, कारण ती दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच.

घड्याळाचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी ठेवल्या होत्या, स्टॅनफर्डचे जॉन पेंकॅव्हल यांनी २०१४ मध्ये त्या परत तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासातून मिळणारं काम घटत जातं, आणि ७० तास राबणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांच्या जेमतेम वर जातं. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ वाया, आणि ही हाताने मोजता येणारी कामं, डोक्याच्या कामात थकलेल्या माणसाने रात्री अकराला घातलेला घोळ दुसऱ्या दिवशी तिघांना निस्तरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. एखादा लाँच असतो, आठवडाभर सगळे जागतात, ते ठीक आहे आणि लोक ते आनंदाने करतात. वर्षभर तेच चालू असेल तर तुमचं प्लॅनिंग चुकलंय.

एकाच्या जागी दहा उभे आहेत, हे हेन्री फोर्डच्या बाबतीत खरोखर होतं, गेटबाहेर रांगा लागायच्या. १९१३ मध्ये साधारण १४,००० जागा भरलेल्या ठेवायला त्याला वर्षभरात ५२,००० च्या वर माणसं घ्यावी लागली. रांग होतीच, पण प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचं, त्याचा हात बसेपर्यंत थांबायचं, आणि तोवर तो निघून जायचा. शेवटी जानेवारी १९१४ मध्ये त्याने आठ तास आणि दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं. (फोर्डचं सगळंच चांगलं होतं असं नाही, ते पैसे पूर्ण मिळायला कामगार घरी कसा राहतो हे तपासणारं खातंही त्याने काढलं होतं, ते मला अजिबात मान्य नाही.)

राहिला "आधी पैसा, मग कल्चर" हा मुद्दा. कल्चर नंतर आणता येत नाही कारण ते पहिल्या दिवसापासून असतंच. पाच जणांच्या ऑफिसात पहिल्यांदा चूक झाल्यावर मालक काय बोलला, हे पाचही जण लक्षात ठेवतात आणि सहाव्याला सांगतात. त्याला पैसेही लागत नाहीत. बिलांचं ते प्रकरण झाल्यावर मी शुक्रवारचा रिव्ह्यू बंद करून सोमवारी पंधरा मिनिटं बसायला लागलो, पहिला प्रश्न "काय बिघडलंय?" आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून. ज्या मुलाला वीस मिनिटं झापलं होतं त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. तरी पहिले पाच सोमवार कोणी तोंड उघडलं नाही, मी माझंच सांगत होतो आणि सगळे टेबलाकडे बघत होते. सहाव्या सोमवारी तोच मुलगा म्हणाला, "सर, शुक्रवारी मी चुकीच्या क्लायंटला कोटेशन पाठवलंय." माझ्या छातीत धस्स झालं, पण म्हटलं, बरं झालं आत्ता सांगितलंस, आणि दहा मिनिटांत आम्ही दोघांनी मिळून त्या क्लायंटला फोन लावला.