सल्लागार सदस्य झालात? मग एवढं सांभाळा

अभिनंदन! आपल्या भागातल्या मानसिक आरोग्य सेवेच्या सल्लागार समितीवर मानद सदस्य म्हणून तुमची वर्णी लागली. पगार नाही, भत्ता नाही, पण लेटरहेडवर नाव आहे. धरमपेठेत घर आणि लेटरहेडवर नाव, नागपुरात माणसाला आणखी काय लागतं? या विषयाशी तुमचा संबंध काय, असं कोणी खोचकपणे विचारलंच तर म्हणा, "समाजसेवेची आवड आहे." कधी काळी रक्तदान शिबिरात केळी वाटली असतील, तर तोही आरोग्य क्षेत्रातला अनुभव धरला जातो.

पहिलं काम म्हणजे कायद्याची प्रत कपाटात ठेवून कुलूप लावणं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा फार गैरसोयीचा आहे. रुग्णाचे केस बळजबरीने भादरायचे नाहीत, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, घरचे न्यायला येत नाहीत एवढ्याच कारणावरून कोणाला आत ठेवायचं नाही, असलं बरंच काही त्यात कलमवार लिहून ठेवलं आहे. या कायद्याने रुग्णांच्या तक्रारी ऐकणारी पुनर्विलोकन मंडळंही नेमायला सांगितली आहेत. त्यांच्या सहा जणांत न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक डॉक्टर झाल्यावर उरलेल्या दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारी माणसं किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था यांना आहेत. संस्थांचं दार तेवढं उघडं ठेवलं आहे म्हणून बरं, नाहीतर आपल्यासारख्यांनी शिरायचं कुठून?

तुमची समिती म्हणजे ते मंडळ नव्हे, हे मात्र विसरू नका. तिथे निकाल द्यावा लागतो. इथे फक्त सल्ला द्यायचा, आणि तोही मागितला तर.

जुन्या सदस्यांच्या नशिबी भलतीच दगदग होती. 1987 च्या कायद्यात अभ्यागत नेमायचे आणि निदान तिघांनी मिळून महिन्यातून एकदा मनोरुग्णालयाचा प्रत्येक भाग पाहायचा, अशी तरतूद होती. प्रत्येक भाग! म्हणजे संडास, स्वयंपाकघर, औषधांची खोली, सगळं आलं. घाबरू नका, तो कायदा आता गेला. तुम्हाला पाहायला मिळेल ते सभागृह. तिथे एसी असतो.

आतल्या माणसाचं ऐकण्याची परंपरा नागपूरला नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. इथलं मनोरुग्णालय 1864 चं, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. सूफी संत ताजुद्दीन बाबांना 1892 मध्ये शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. 1908 मध्ये राजे रघूजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणलं. मधल्या सोळा वर्षांत लोक त्यांच्या दर्शनाला तिथेच जात. आजही त्यांच्या दर्ग्यावर, ताजबागेत, उरुसाला पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा आतल्या माणसाचा शब्द आपण झेलतोच. फक्त तो माणूस निदान बाबा तरी हवा.

बैठका दर तीन महिन्यांनी घ्यायच्या असं कागदावर ठरतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, कूलरसमोरून माणूस उठत नाही, म्हणून बैठक पुढे ढकला. ऑगस्टमध्ये पोळा, मारबत आणि गणपती. डिसेंबरात अधिवेशन लागतं, अख्खं प्रशासन विधानभवनाच्या आसपास पळत असतं, अशा वेळी बैठकीचा विषय काढणं हा अडाणीपणा. फेब्रुवारीत घरोघरी लग्नं. एवढ्यातूनही एक बैठक होतेच, कारण 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, काही टळत नाही.

त्या दिवशी रॅली, रांगोळी स्पर्धा आणि बॅनर. बॅनरवर मान्यवरांचे फोटो किती मोठे घ्यायचे यावर मनमोकळी चर्चा होऊ द्या. वर्षभरात सगळे सदस्य बोलतात असा हा एकमेव विषय. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-सेवेचा 14416 हा क्रमांक टाकायचाच असेल तर अगदी खाली, कुंड्या ठेवतात तिथे टाका. चोवीस तास फुकट चालणारी सेवा आहे, लोकांनी उगाच फोन करून तिच्यावर ताण आणायला नको. पागलखाना चौकाचं नाव बदलावं असा ठरावही एकमताने करून टाका, आणि बाहेर पडल्यावर ड्रायव्हरला फोन लावा, "अबे कुठं आहेस? पागलखाना चौकात ये ना पटकन."

आता नाजूक भाग. समितीत एक रुग्ण किंवा पालक प्रतिनिधी असावा, असं पत्र कधीतरी वरून येतं. तर्री पोह्यावर भुरभुरतात त्या चिवड्याइतकाच हा प्रतिनिधी हवा, फोटोत दिसला की झालं. त्याला बाहेर ठेवण्यासाठी कोणाला नकारही द्यावा लागत नाही. समिती बिनपगारी आहे, बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला आहे, आणि निरोप आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर जातो. रोजीवर जाणारी माणसं आपोआप गळतात. मागे उरतात पेन्शनवाले, दुकानावर पोरगा बसवू शकणारे, आणि तुम्ही-मी. यालाच लोकसहभाग म्हणतात.

तरीही एखादी बाई येतेच. उमरेडकडची, पहाटेची एस्टी धरून आलेली. कापडी पिशवीत औषधांची फाइल, आणि कॅलेंडरच्या पानामागे लिहून आणलेले प्रश्न. विषयपत्रिकेवरचे विषय संपले की 'आयत्या वेळचे विषय' येतात. नाश्त्याच्या प्लेटा फिरत असतात तेव्हा ती उठते. "साहेब, पोराची लिथियमची गोळी चालू हाय. खिडकीवर कधी भेटते, कधी बाहेरून घ्या म्हणतेत. रक्त तपासाले सांगतेत, ते बी बाहेरून. एस्टीचं तिकीट अर्धं झालं, पण रोजी तं पुरी बुडते नं. आन् गोळीत खंड पडला का पोरगं रातभर जागते."

सभागृह एकदम गप्प होतं. इथे तुमची खरी परीक्षा आहे. मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं लिथियम रक्तात कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विषबाधा, म्हणून ते मोजावंच लागतं, हे एखादा डॉक्टर सदस्य बोलून बसायच्या आत म्हणा, "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. अरे, ताईंना पाणी द्या कोणी." पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही. मग खरेदी वरून होते, लॅब दुसऱ्या विभागाची आहे, साठ्याची नोंद तिसऱ्याकडे आहे, असं एकेकाने सावकाश समजावून सांगायचं. ही सेवा लोकांच्या घराजवळ न्यायची म्हणून राष्ट्रीय कार्यक्रम 1982 ला आणि जिल्हा कार्यक्रम 1996 ला सुरू झाला, हेही तिला अभिमानाने सांगा. उमरेडहून इथवर यावंच का लागलं, असं तिने उलट विचारलं तर घड्याळाकडे पाहा.

पण खरं कसब लागतं ते इतिवृत्तात. बाबू नवा असेल तर तो जसंच्या तसं लिहितो: "लिथियमच्या गोळ्या खिडकीवर नियमित मिळत नाहीत व रक्ततपासणी बाहेरून करावी लागते, असे पालक प्रतिनिधींनी सांगितले." कच्चा मसुदा तुमच्याकडे आला की लाल पेन काढा. 'लिथियम' खोडा, रुग्णाची गोपनीयता जपायला नको का? 'मिळत नाहीत' हे आरोपासारखं वाटतं, त्याऐवजी 'उपलब्धतेबाबत' घाला. रक्ततपासणी दुसऱ्या विभागाची, ती इथून पूर्णच काढा. 'सांगितले' कोरडं वाटतं, 'मौलिक सूचना केल्या' म्हणा. शेवटी कागदावर उरतं ते असं: "सन्माननीय सदस्यांनी औषधांच्या उपलब्धतेबाबत मौलिक सूचना केल्या. नोंद घेण्यात आली." त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. तिचीही घ्या.

एवढ्यावर सहसा भागतं. मात्र क्वचित एखादी बाई पोराची फाइल बारा वर्षं सांभाळून कागदांना सरावलेली निघते. ती 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकते: मागच्या वर्षभरातली इतिवृत्तं, औषधसाठ्याच्या नोंदवहीच्या प्रती आणि नोंद घेतल्यावर पुढे काय केलं त्याचा तपशील. उत्तराला मुदत तीस दिवस. मग पाहा गंमत. ऊन, मारबत, अधिवेशन, लग्नसराई, काही म्हणता काही आड येत नाही. आठवड्याभरात तातडीची बैठक लागते आणि औषधांचा विषय आयत्या वेळच्या विषयांतून उठून विषय क्रमांक एक होतो.

त्या बैठकीला तुम्ही जायचं नाही. प्रकृती बरी नाही असा निरोप पाठवा. कारण मात्र जपून लिहा. ताप लिहा, पित्त लिहा, कंबर धरली लिहा. रात्र रात्र झोप लागत नाही, मन कशात रमत नाही, असं खरं असलं तरी चुकूनही लिहू नका. समिती आपलीच माणसं चालवतात, संध्याकाळपर्यंत धरमपेठभर होईल.