रंग बदलला म्हणजे पदार्थ बदलला का?

‘पदार्थाचा रंग बदलला की तो रासायनिक बदल, मूळ रंग परत मिळाला तर भौतिक बदल, आणि रंग बदललाच नाही तर रासायनिक बदल झालेला नाही,’ असा तीन ओळींचा नियम शाळकरी मुलांच्या आणि पालकांच्या मोबाइलवर फिरत असतो. पाठ करायला तो सोपा आहे. परंतु त्याची तिन्ही कलमे चुकीची आहेत आणि ते पडताळून पाहण्यासाठी खानदेशातले शेत, विहीर आणि स्वयंपाकघर पुरेसे आहे.

पहिले कलम घेऊ. तापीकाठची काळी माती पावसाने भिजली की अधिक गडद दिसते, कारण कणांमधल्या हवेची जागा पाणी घेते आणि मातीवरून विखुरून डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश कमी होतो. माती वाळली की ती पुन्हा फिकट होते. नवा पदार्थ कोणताही तयार होत नाही, म्हणून हा बदल भौतिकच. याउलट रावेर-यावलकडची हिरवी केळी पिकवणीच्या खोलीत इथिलीन या फळे पिकवणाऱ्या वायूमुळे पिवळी होतात, तो बदल रासायनिक आहे. मात्र तिथेही पिवळी रंगद्रव्ये सालीत आधीपासूनच असतात. हिरवे हरितद्रव्य विघटित झाल्यामुळे ती उघडी पडतात. म्हणजे रासायनिक बदल घडला तो नाहीशा झालेल्या हिरव्या रंगात.

दोन्ही प्रकार एकाच पाण्यात पाहायचे असतील, तर विहिरीत टाकल्या जाणाऱ्या पोटॅशियम परमँगनेटकडे पाहावे. त्याचे जांभळे द्रावण पाणी वाढत गेले की गुलाबी होते. तेच कण अधिक पाण्यात पसरतात, इतकेच. पुढे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी त्याची अभिक्रिया होऊन मँगनीज डायऑक्साइड तयार झाले की पाण्याला तपकिरी छटा येते, आणि हा बदल रासायनिक असतो. जांभळ्याचे गुलाबी आणि गुलाबीचे तपकिरी, यांतला फरक केवळ रंग पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

दुसरे कलम मला सर्वांत घातक वाटते. हळदीत ओला चुना मिसळला की ती लालसर होते, कारण अल्कलीमुळे हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूची रचना बदलते. त्यावर लिंबू पिळले की पिवळा रंग परत येतो. रंग परत आला, तरी हा आम्ल-अल्कली अभिक्रियेचा, म्हणजे रासायनिकच बदल आहे. हे ठाऊक नसल्यामुळे चुन्याने किंवा साबणाने लाल झालेली हळद ‘भेसळीची’ ठरवली जाते आणि चोख माल विकणारा शेतकरी विनाकारण बदनाम होतो. वास्तविक लाल होणे हा शुद्ध हळदीचाच गुणधर्म आहे. मोरचूदही (कॉपर सल्फेट) तसेच: निळे खडे तापवले की स्फटिकातले पाणी निघून पांढरी पूड उरते आणि तिच्यावर पाणी शिंपडले की निळा रंग परत येतो. उलट, तेच खडे नुसते कुटले तरी पूड फिकट दिसते, आणि तो बदल मात्र निव्वळ भौतिक असतो.

तिसऱ्या कलमाला भिंतीवरचा चुना पुरेसा आहे. ओल्या चुन्यातले कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते. दोन्ही पांढरीच असतात. पडताळायचे असेल तर जुन्या भिंतीवरून खरवडलेल्या चुन्यावर लिंबाचा रस टाकावा, तो फसफसतो. नुकत्याच विरवलेल्या चुन्यावर टाकल्यास तसे बुडबुडे जवळजवळ येत नाहीत.