नेक कापला नाही, त्याचं कारण

नमस्कार. रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी तीन: चॉपर (पुढचं चाक लांब काढलेली, कापून बदललेली मोटरसायकल) करण्यासाठी फ्रेमचा नेक, म्हणजे हँडल आणि पुढचा फोर्क बसतो तो सांधा, कापायला आम्ही नकार दिला, गरज नसताना इंजिन उघडून काम लांबवलं आणि गॅरेजवर जमणाऱ्या रायडर मंडळींनी तुम्हाला टोमणे मारले.

आधी नेकचं बोलतो. तुमची गाडी म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ ६५०, १९६७ ची. तिचा फ्रेम नंबर नेकच्या खाली डाव्या बाजूला ठोकलेला आहे आणि इंजिनवरही तोच नंबर आहे. टॉर्च मारून मी दोन्ही तुम्हाला दाखवले होते. रेक, म्हणजे नेकचा तिरपा कोन, वाढवायचा म्हणजे त्या नंबरला खेटून ग्राइंडर चालवायचा आणि ब्रेक दाबल्यावर सगळा ताण जिथे येतो, नेमका तोच सांधा वेल्डिंगच्या भरवशावर सोडायचा. शिवाय रेकबरोबर ट्रेलही वाढतो, म्हणजे नेकची रेष रस्त्याला जिथे मिळते तिथून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर. मग सावकाश वळताना हँडल एका बाजूला पडायला बघतं. जुन्या चॉपरवाल्यांनी नेक कापले हे खरं आहे आणि त्यांच्या गाड्या मला मनापासून आवडतात. पण तेव्हा या गाड्या जुन्या बाजारात सहज मिळायच्या. आज ही फ्रेम गेली तर हा नंबर घेऊन दुसरी येणार नाही.

‘मग म्युझियम काढा, कस्टम कशाला करता’ असं तुम्ही लिहिलंय. १९६० च्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या रॉकर्सच्या, म्हणजे बायकर पोरांच्या, ट्रायटन गाड्या आठवा. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम, ट्रायम्फचं इंजिन आणि दोन्ही जोडायला प्लेटा. याहून कस्टम काय असणार? तुमच्या मॉडेलची मागची सबफ्रेम बोल्टवरच असते, म्हणून तर आम्ही बोल्टवर बसणारा हार्डटेल, म्हणजे शॉकअप नसलेला ताठ मागचा भाग, लावला. गाडी हवी तशी बुटकी झाली आणि मूळ फ्रेमला ओरखडाही नाही.

आता इंजिन. या इंजिनात कागदी फिल्टर नसतो, फक्त जाळी असते. तेलातली बारीक घाण क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) फिरताना बाहेरच्या अंगाला फेकली जाते आणि क्रँकच्या आतल्या नळीत साचते. इंजिनचं बाहेरचं कवच उघडून क्रँक बाहेर काढल्याशिवाय ती नळी साफ होत नाही. तुमच्या नळीतला गाळ मेणासारखा घट्ट बसला होता, अक्षरशः खरवडून काढला. तो तसाच ठेवून नुसती टाकी रंगवून गाडी दिली असती, तर तेलाविना बिग एंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारा बेअरिंगचा सांधा) गेलं असतं आणि भर वेगात इंजिन जाम झालं असतं. तसली गाडी मी कुणाला चालवायला देणार नाही. उघडण्याआधी फोनवर तुमचा होकारही घेतला होता.

रायडर मंडळींचं तुम्हाला लागलं, याचं मला वाईट वाटतं. नवीन माणसाला हसायचं नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. पण ज्याने टोमणा मारला त्यानेच तुम्हाला कार्ब्युरेटरचा टिकलर (जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) दाबून, पिस्टन योग्य जागी आणून किक कशी मारायची ते शिकवलं. तेही लिहायला हवं होतं.

पहिल्या काही रपेटींनंतर हेडचे बोल्ट आवळायला आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट बघायला गाडी घेऊन या. तुमची मूळ सबफ्रेम, मागच्या चाकाचा चिमटा आणि शॉकअप ग्रीस लावून पेटीत ठेवलेत. तेव्हाच घेऊन जा, आणि भंगारात मात्र देऊ नका.