३.३ व्होल्टसाठी कमिटी

गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, एवढीच सोसायटीची माफक इच्छा. कंट्रोलर मी घरी बनवतोय म्हटल्यावर कमिटीने खर्चाला मर्यादा घातली. सल्ल्याला घातली नाही.

माझ्या बोर्डावरचा, पंप चालू-बंद करणारा रिले १२ व्होल्टचा, सेन्सर ५ चा आणि ईएसपी३२ ही चिप ३.३ ची. अडॅप्टरमधून येणार १२. "मग ५ चाच अडॅप्टर आणा की," सेक्रेटरी म्हणाले. आता रिले काय टाकीतल्या पाण्यावर चालणार?

तिसऱ्या मजल्यावरचे काका वीजमंडळातून निवृत्त झालेले, ७८०५ या ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरचे जुने भक्त. "तीन पाय, दोन कपॅसिटर, खेळ खल्लास!" ७८०५ देवमाणूस आहे, वादच नाही. फक्त १२ मधले ५ पुढे देऊन उरलेले ७ व्होल्ट तो स्वतः तापून संपवतो. ०.२ अँपिअर धरले तरी १.४ वॅट. उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, नसेल तर वॅटमागे साधारण ६५ अंश, म्हणजे आतली चकती भोवतालच्या हवेपेक्षा ९१ अंशांनी गरम. पंपाची खोली पत्र्याची. मे महिन्यात आत ४० धरा. बेरीज १३१, आणि त्याला सोसवतं १२५ पर्यंत. काकांनी कागद उलटसुलट करून बेरीज तपासली. "आमच्या वेळी नव्हता इतका तापत," एवढं बोलून चहा मागितला.

पुण्यात असल्या शंकांचं निरसन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत होतं. फक्त तिथे 'कुठला चांगला?' असं विचारायचं नसतं, नंबर सांगायचा असतो. मी घुटमळलो तसे दुकानदाराने ७८०५, ७९०५ आणि एलएम३१७ असे तीन रेग्युलेटर काउंटरवर टाकले. तिघेही काळे, तिघांनाही तीन पाय, डोक्याला स्क्रूचं भोक. पण पहिला पाय एकाचा इनपुट, दुसऱ्याचा ग्राउंड, तिसऱ्याचा ॲडजस्ट. हा क्रम ज्याने ठरवला त्याला एकदा भेटायचं आहे. सोल्डरिंग आयर्न तापवूनच जाईन.

शेवटी १२ चे ५ करायला एलएम२५९६ या वेगळ्या जातीच्या रेग्युलेटरचं तयार मोड्यूल घेतलं. हा जादाचे व्होल्ट जाळत बसत नाही. सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो, कॉइलमधून वीज हप्त्याहप्त्याने पुढे सोडतो आणि जेमतेम कोमट होतो. कागदावर सगळं छान. मग तो आउटपुटचे व्होल्ट ठरवायचा निळा प्रीसेट! त्याचा इवलासा पितळी स्क्रू फिरवत राहायचं, मीटरवरचा आकडा ढिम्म हलत नाही. खजिनदार शेजारी बसून दर मिनिटाला "काही होतंय का?" विचारत होते. दिशा चुकली की काय म्हणून उलटं फिरवावं, तर केलेलं पुण्यही वाया. आणि मग अचानक आकडा घसरगुंडीवर बसतो: ११, ८, ५, ४.२. परत वर. ५.०२ वर मी हात जोडले. खजिनदार म्हणाले, "वरचे पॉइंट शून्य दोन कशाला?"

५ वरून ३.३ ला मात्र एएमएस१११७, म्हणजे पुन्हा ७८०५ च्याच जातीचा रेग्युलेटर. त्याला इनपुट आणि आउटपुटमध्ये जास्तीत जास्त १.३ व्होल्टची फट लागते, आपल्याकडे १.७ आहे. तापणंही एक तृतीयांश वॅटच्या आसपास. काका खूश, कारण हाही तीन पायांचाच. पण नवऱ्या मुलाच्या मामासारखे याचे मानपान फार: आउटपुटवर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तोही टँटलम. साधा सिरॅमिक लावला तर रुसून थरथरायला लागू शकतो.

बोर्ड एकदाचा लागला. टाकी भरली, पंप बंद झाला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी विचारलं, "लाइट गेल्यावर?" लाइट गेल्यावर पंपच बंद असतो, हे मी सांगेपर्यंत बॅटरी बॅकअपचा ठराव एकमताने मंजूर झाला होता. बॅटरी १२ व्होल्टची. चार्जवर ठेवायला तिला १३.८ लागतात, आणि अडॅप्टर देतो १२.

काका म्हणाले, "त्यात काय, एक रेग्युलेटर टाका."