आरसा अडकलाय? या, बसा

माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा सापडला, तुम्ही हौसेनं खटका दाबला, आतला आरसा वर गेला आणि वरच राहिला, असं झालं असेल तर अभिनंदन. पुढच्या वर्षभरातले तुमचे सगळे रविवार मार्गी लागले.

सगळ्यात आधी, कंपनीला त्रास देऊ नका. हा कॅमेरा १९७६ साली आला, १९९७ साली बंद झाला आणि तेवढ्यात तीस लाखांवर खपला. पुढे पेंटॅक्स होया नावाच्या कंपनीकडे गेली, तिथून २०११ साली रिको कंपनीकडे. दोनदा विकल्या गेलेल्या वाड्यात जाऊन आजोबांचा अडकित्ता मागणं बरं दिसत नाही. नात्यातला एखादा जाणकार सांगेल, की २०२४ मध्ये ह्याच नावाचा नवा रोलवाला कॅमेरा आलाय, पेंटॅक्स १७, अर्ध्या फ्रेमचा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. त्याला चहा पाजा आणि कापसाच्या भावावर आणा.

मग गावातल्या जुन्या स्टुडिओत जा. तिथं आता फ्लेक्स निघतात. 'भावी नगरसेवक' सुकत घातलेले असतील, त्यांना वळसा घालून आत शिरा. मालक आधी तुमच्याकडं बघणारही नाही. कॅमेरा हातात दिलात की मात्र त्याचा अंगठा आपोआप रोल सरकवायच्या लिव्हरवर जाईल. "ह्याच्यावर आख्ख्या तालुक्याची लग्नं काढली मी," तो म्हणेल. हा भाग पाऊण तासाचा असतो. लाईट गेल्यावर पेट्रोमॅक्सच्या उजेडात काढलेले हार घालतानाचे फोटो, रोल संपल्यावरही नवरीचे मामा रुसू नयेत म्हणून मारलेले रिकामे फ्लॅश, सगळं ऐकून घ्या. ह्या पाऊण तासाचे तो पैसे घेत नाही, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या मोहिमेत पैसे वसूल होण्याची जागा हीच.

शेवटी तुम्ही विचाराल, दुरुस्तीचं काय?

"आता कोण करायलंय ते? लातूरला एक जण होता बघा. गंजगोलाईत."

'होता' ह्या शब्दाकडं साफ दुर्लक्ष करा आणि एसटी पकडा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातले निदान चौदा तरी तुम्ही चालाल. पंधराव्यावर कोणीतरी सांगेल, की तो माणूस नांदेडला गेला, वजिराबादेत. नांदेडचा माणूस हैदराबादकडं बोट दाखवतो, लातूरचा पुण्याकडं, संभाजीनगरचा मुंबईकडं. मधे परभणीला गाडी बदलताना चहा चांगला मिळतो, एवढी एक पक्की माहिती माझ्याकडून घ्या.

एवढं फिरूनही माणूस सापडला नाही, तर दुरुस्ती गल्लीतच सुरू करावी. इथं मदतीला कोणी नाही म्हणत नाही. मोबाईलवाला पोरगा कॅमेरा उलटासुलटा करून विचारेल, "काका, ह्याचं चार्जिंगचं भोक कुठाय?" त्याला सांगू नका, की ह्याचं शटर निव्वळ स्प्रिंगांवर चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजायच्या काट्याला. आणि त्या मीटरला बटणच नाही. लेन्सवर टोपण घातलं की काटा गप्प, काढलं की जागा. हे सांगितलंत तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल. सेल बदलून घ्या. आरसा वरच राहील, पण पोराच्या हाताला यश आल्यासारखं वाटेल.

मग घड्याळवाले. ते डोळ्याला भिंग लावतात, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही. जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या चौफुली पेचकसाला नीट बसत नाही, जोर लावला की डोकं सोललं जातं. दोन स्क्रू सोलले जाईपर्यंत वाट बघा, मगच मोठ्यानं "अरेरे" म्हणा. ह्याच सुमारास आतून एक बारीक स्प्रिंग टुणकन उडेल आणि समोरच्या रसवंतीच्या दिशेनं जाईल. ती शोधायला चार जण वाकतील. सापडत नाही.

आता घरचा उपाय: शिलाई मशीनचं तेल. मराठवाड्यात कुरकुरणाऱ्या दारापासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला हे चालतं, मग कॅमेऱ्यानं काय घोडं मारलंय? चार थेंब सोडा. बारीक दातऱ्यांवर तेल बसेल, तेलावर मे महिन्यातली धूळ बसेल, आणि शटर कसं, ग्रामसभेतल्या ठरावासारखं सावकाश सरकेल.

इतकी पूर्वतयारी झाली, की मग खरा कारागीर सापडतो. तयारी झाल्याशिवाय तो सापडल्याचं मला तरी माहीत नाही. संभाजीनगरात, जुन्या शहरात, अरुंद जिन्याच्या वर एक चाचा बसलेले असतात. पाटी नाही, बिलबुक नाही. ते कॅमेऱ्याचं तोंड उघडून एकदाच आत बघतात.

"आईना फोम को चिपका था. बस्स."

आरसा वर आदळू नये म्हणून तिथं फोमची एक पट्टी असते. वीस-पंचवीस वर्षांनी ती विरघळून डांबरासारखी होते आणि आरशाला धरून ठेवते. मागच्या झाकणाच्या खाचेतही तसलीच पट्टी. तिचा चिकटा पुसून जागी काळी लोकर दाबून बसवली तरी उजेड आत शिरत नाही. घरी बसून तासाभराचं काम.

"तेल कौन डाला?" चाचा विचारतात.

"घेतानाच तसा होता," असं ठामपणे सांगा.

तेल ते धुऊन देतील. स्प्रिंग मात्र हवी, आणि दोन स्क्रू. "पार्टां नै मिलते साब," ते म्हणतात, "कोई कॅमेरा मरा तो मिलते." मग पायाशी असलेला ड्रॉवर ओढतात. त्यात याशिका, झेनिट, निकॉन, तुमच्यासारखेच तीन पेंटॅक्स, आणि प्रत्येकाच्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. दुरुस्तीला टाकून गेलेले आणि परत न आलेले लोक. एका चिठ्ठीवर लिहिलंय: जालना, ४० रुपये बाकी.

"दिवाली तक देखता इनकी राह. नै आए तो इसकी स्प्रिंग तुमको."

आता तुम्हाला फक्त एवढंच करायचंय, की जालन्याचा तो कोण असेल तो दिवाळीपर्यंत असाच विसराळू राहो, अशी मनोमन इच्छा धरायची. त्याला घर बांधायला लागो, पोरीचं लग्न निघो, ट्रंकेची किल्ली हरवो. तुमचं हे चाललेलं असताना जिन्यावरून आणखी एक जण वर येतो. त्याच्याही हातात पेंटॅक्स, त्याचंही काहीतरी उडालेलं. चाचा तुमच्या कॅमेऱ्याला सुतळी बांधतात, चिठ्ठीवर गाव लिहितात आणि तो ड्रॉवरमध्ये सगळ्यांच्या वर ठेवतात. तो माणूस वाकून चिठ्ठी वाचतो.

"कब आते?" चाचा तुम्हाला विचारतात.

दिवाळी झाली की लगेच, असं सांगा. त्यांनी दिलेला कागदाचा चिटोरा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. प्रवासात शर्ट घामानं भिजलेलाच असेल, घरी गेल्या गेल्या धुवायला टाका.