ज्याची काठी, त्याचे नियम

वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण २०१४ सालचा ‘साउथ पार्क: द स्टिक ऑफ ट्रूथ’ हा व्हिडिओ गेम मी आत्ता गणपतीच्या सुट्टीत खेळायला घेतला आणि परवा संपवला. सलग बसलं तर दोन-तीन शनिवार-रविवारचं काम, मी रडतखडत महिना लावला. गेम वाह्यात आहे, किळसवाणा आहे, चारचौघांत खेळण्यासारखा अजिबात नाही. पण लहान पोरं खेळतात कशी, हे मी खेळलेल्यांपैकी दुसऱ्या कुठल्याही गेमला इतकं नेमकं कळलेलं नाही.

गेम ज्यावर बेतलाय ती ‘साउथ पार्क’ ही कार्टून मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: कोलोरॅडोतलं बर्फाळ गाव, चौथीतली चार पोरं, कागद कापून चिकटवल्यासारखी चित्रं आणि तोंडात अखंड शिव्या. १९९७ पासून चालू आहे. मालिका काढणाऱ्या ट्रे पार्कर आणि मॅट स्टोननीच गेमही लिहिलाय आणि आवाजही दिलेत, त्यामुळे चव तीच.

तुम्ही गावात नवीन राहायला आलेला मुलगा. एक शब्द बोलत नाही. आईबाप म्हणतात, जा बाहेर, मित्र जमव. बाहेर बटर्स नावाचं गरीब पोरगं मार खात असतं. त्याला सोडवलं की तो तुम्हाला कार्टमनच्या परसात नेतो. ते परस म्हणजे राज्य आणि जाडजूड कार्टमन म्हणजे जादूगार राजा. तो नाव विचारतो. मी कौतुकानं ‘बंड्या’ टाइप केलं. त्यानं ते वाचून न वाचल्यासारखं केलं, स्वतःच एक शिवी नाव म्हणून जाहीर केली आणि गेमनं मला विचारलं, हेच नाव नक्की ना? पुढचा अख्खा गेम गावानं मला त्याच नावानं हाक मारली.

आमच्या चाळीत असाच एक होता. बॅट त्याची, त्यामुळे पहिल्या बॉलला आउट नाही हा नियम फक्त त्याच्यासाठी. मी कायम कच्चा लिंबू. त्यानं मला ठेवलेलं नाव पंचवीस वर्षांनी एका लग्नात पुन्हा ऐकलं, इथे लिहिणार नाही.

तर लढाई. आळीपाळीनं मारायचं: आधी मी, मग तू. असे गेम ढिगानं आहेत, पण समोरचा शत्रू आपली पाळी येईपर्यंत गप का उभा राहतो, याचं कारण सहसा कुणी देत नाही. इथे कार्टमन देतो. जुन्या काळी असंच लढायचे, थांबावं लागतं, बावळटपणा आहे हे मान्य, पण आपण असंच खेळतोय. संपला विषय! टाइम प्लीज म्हटलं की पकडायचं नाही, यालाही आमच्याकडे याहून वेगळं कारण नव्हतं. जखमा भरायला चीझचे कुरकुरे, बेशुद्ध पडलेल्याला उठवायला टाको. आणि ज्या काठीसाठी एल्फ (परीकथेतले टोकदार कानांचे लोक) झालेली पोरं आणि माणसं झालेली पोरं एकमेकांची डोकी फोडतायत, ती काठी म्हणजे खरंच नुसती काठी आहे.

मोठ्यांच्या जगाला यातलं काही माहीत नसतं, पण ते जग मध्ये मध्ये येत राहतं. क्रेग नावाच्या पोराला शाळेत शिक्षा म्हणून अडकवून ठेवलंय, तर ती कैद, आणि त्याला सोडवणं ही मोहीम. टोकन नावाचा दुसरा पोरगा श्रीमंतांच्या बंदिस्त वस्तीत राहतो, तिथला गेटवरचा माणूस आत सोडत नाही, डोळ्यांत मिरचीचा फवारा मारतो. मग गॅसचा मुखवटा शोधून आणायचा. आमच्या सोसायटीत पार्सलवाल्याची चौकशी चालू असते तेव्हा मला आता हटकून हेच आठवतं.

पादणं हा इथला मंत्र आहे. शब्दशः. तासाभरानं मला त्याचा कंटाळा आला, आणि गर्भपाताच्या प्रसंगात मी खरंच तोंड फिरवलं. युरोपातल्या कन्सोलवर असे काही प्रसंग कापले होते, तर त्या जागी पार्कर-स्टोननी कपाळाला हात लावलेल्या पुतळ्याचं चित्र टाकलं आणि कापलेल्या प्रसंगात काय काय घडलं ते सविस्तर लिहून दिलं. मला विचाराल तर दृश्यापेक्षा ते वर्णन जास्त विनोदी आहे. कात्रीवाल्यानं नकळत उपकारच केले.

दिसायला गेम हुबेहूब मालिकेसारखा. गावाचा पक्का नकाशासुद्धा पहिल्यांदा याच गेमसाठी ठरवावा लागला, तोवर कुणाचं घर कुठे हे त्या त्या भागाच्या सोयीनं चालायचं. बनवला ऑब्सिडियन नावाच्या कंपनीनं, पण तो बाजारात आणणारी टीएचक्यू कंपनी मध्येच बुडाली आणि २०१३ च्या लिलावात युबीसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीनं तो सुमारे ३२ लाख डॉलरला उचलला. एवढ्या धबडग्यातून गेम धड बाहेर आला याचंच नवल. आणि कॅनडा! सीमा ओलांडली की सगळं जुन्या आठ बिटच्या गेमसारखं होतं, वरून दिसणारी ठोकळ्यांची माणसं, टुंग टुंग संगीत. पिवळी कॅसेट फुंकून मशीनमध्ये घातलेल्या माणसाला तिथे थोडं गलबलतं.

२०१७ चा दुसरा भागही चाळला. लढाई कितीतरी सुधारलीय, पण तिथे पोरं सुपरहिरो झालीत, आणि मला पुठ्ठा-काठीचाच डाव प्यारा. ज्याला पटत नाही त्यानं कमेंटमध्ये भांडावं.

मधल्या एका रविवारी भाचा आला होता, दहा वर्षांचा. “मामा, कार्टून लावलंयस?” मी आयुष्यात कधी नव्हे इतक्या चपळाईनं एक्सेल उघडलं. पण काठी त्यानं पाहिली होती.

“त्या काठीनं काय होतं?”

“ज्याच्याकडे काठी, त्याचं अख्ख्या विश्वावर राज्य. तीच चोरीला गेलीय.”

“मग अंगणात कशाला ठेवली? माळ्यावर टाकायची ना.”